उरच्या थडग्यांतील तांबडे मणी: दोन संस्कृतींचा संबंध नेमका कशावरून ठरतो?

दोन प्राचीन संस्कृतींचा एकमेकींशी संबंध होता असे आपण कोणत्या आधारावर म्हणावे, हा प्रश्न या धाग्यात मांडायचा आहे. त्यासाठी मी एकच वस्तू निवडली आहे, ती म्हणजे तांबड्या अकीकाचा, अर्थात कार्नेलियनचा, लांबट मणी. मायांची आणि इजिप्तची स्मारके सारखी दिसतात, दक्षिण इराकमधील प्राचीन सुमेर देशाचे नाव सुमेरू पर्वतावरून आले, अशा विधानांवर आपल्याकडे पुष्कळ आणि मोठ्या उत्साहाने लिहिले जाते. हा उत्साह मला परका नाही. सिंधू संस्कृतीचे जगाशी नाते होते, आणि ते फार जिवंत नाते होते, याची मला खात्री आहे. मात्र ते नाते दाखवणारा सर्वांत बळकट पुरावा अशा साम्यांत सापडत नाही. तो दोन-तीन इंच लांबीच्या मण्याच्या भोकात सापडतो.

दक्षिण इराकमधील उर या प्राचीन नगरात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. तेथील दफनभूमीत सुमारे १८०० थडगी मिळाली, आणि त्यांपैकी १६ त्यांनी राजघराण्यातील मानली. राणी पुआबी हिच्या अंगावर सोने, चांदी, लाजवर्द हा निळा दगड आणि कार्नेलियन यांच्या मण्यांच्या सरी होत्या. या थडग्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. २६०० ते २४५० असा धरला जातो. त्यांतील दोन प्रकारच्या मण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष विशेष गेले. एक प्रकार मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या लांब मण्यांचा, आणि दुसरा तांबड्या दगडावर पांढऱ्या रेषांची नक्षी असलेल्या मण्यांचा. हे दोन्ही प्रकार सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदारो, हडप्पा आणि चन्हुदारो या स्थळांवरही मिळतात. एवढ्यावर थांबलो तर तेही केवळ साम्यच ठरते. मणी कसा घडतो हे पाहिल्यावर चित्र बदलते.

काही वर्षांपूर्वी मी गुजरातमधील खंबायतला गेले होते, तेव्हा एका कारागिराच्या ओसरीत दोन तास बसून हे काम पाहिले. जमिनीत लोखंडी सळई तिरकी रोवलेली होती. दगड तिच्या टोकाला टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हातोडी हलकेच मारायची, म्हणजे सळईच्या बाजूने टवका उडतो. ठोका इतका बेताचा होता की आवाज सुपारी फोडल्यासारखा येत होता. त्याआधी कच्चा दगड उन्हात वाळवून, मडक्यात घालून मंद आचेवर भाजलेला असतो, कारण दगडातील लोहाचा रंग त्या उष्णतेने तांबडा होतो. हा दगड मुख्यतः भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून येतो, आणि त्याचे मूळ दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत आहे. सह्याद्रीत हिंडताना कातळात गारगोटीचे आणि अकीकाचे जे खडे दिसतात, त्यांचे हे भाऊबंद आहेत.

खरी कसोटी भोक पाडण्याची असते. आज खंबायतेत गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवतात आणि कमानीने ते फिरवतात, त्यामुळे काम झपाट्याने होते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराकडे हिरा नव्हता. त्याने एक विशिष्ट, अतिशय कठीण दगड निवडून त्याची बारीक, मध्यभागी किंचित चिमटलेली दांडी तयार केली होती. चन्हुदारोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या स्मरणार्थ अभ्यासकांनी या दगडाला ‘अर्नेस्टाइट’ असे नाव दिले आहे. सिंधू संस्कृतीचे अभ्यासक जोनाथन मार्क केनोयर यांनी या दगडाने भोक पाडून पाहिले, तेव्हा वेग ताशी सुमारे अडीच मिलिमीटर पडला. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या मण्याला केवळ भोक पाडण्यासाठी आठ तासांचे तीन दिवस लागणार, आणि शेवटच्या क्षणी मणी तडकला तर ते सगळे वाया जाणार. कराचीजवळच्या अल्लाहदिनो येथे अशा ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा मिळाला आहे. तो घडवण्यास ४८० दिवसांहून अधिक काम लागले असावे, असा त्यांचा अंदाज आहे.

या दगडी गिरमिटाने पाडलेल्या भोकाच्या आतील भिंतीवर विशिष्ट खुणा उमटतात. उरच्या मण्यांच्या भोकांचे सिलिकॉनमध्ये ठसे घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता काही मण्यांत नेमक्या त्याच खुणा आढळल्या. मण्याचा आकार बघून नक्कल करता येते, पण भोकाच्या आतील खुणेची नक्कल करावी असे कोणालाही वाटणार नाही, कारण ती कोणाला दिसतच नाही. माझ्या मते हा पुरावा शंभर साम्यांपेक्षा वजनदार आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की उरमधील काही मणी सिंधू पद्धतीने भोक पाडलेले असूनही आकाराने सिंधू खोऱ्यात न आढळणारे, म्हणजे तिथल्या ग्राहकाच्या आवडीचे आहेत. त्यामुळे सिंधू खोऱ्यातील कारागीर स्वतःच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरात, जाऊन काम करत असावेत, अशी शक्यता केनोयर आणि इतर अभ्यासकांनी मांडली आहे.

तिथल्या मातीच्या पाट्या या शक्यतेला दुजोरा देतात. अक्कडचा राजा सार्गोन आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुहा, मगन आणि दिलमुन येथील जहाजे आपण अक्कडच्या धक्क्याला लावली. दिलमुन म्हणजे बहारीन आणि आसपासचा प्रदेश, मगन म्हणजे ओमानचा किनारा, आणि मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची दंडगोल मुद्रा आहे, आणि तिच्यावर त्याचा व्यवसाय ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ असा कोरलेला आहे. दुभाष्याला पोटापाण्याचा धंदा म्हणून हे काम करता यावे, इतकी मेलुहाच्या लोकांची तिथे ये-जा होती. एका पाटीत तर लू-सुनझिदा नावाच्या ‘मेलुहाच्या माणसाने’ भांडणात दात पाडल्याबद्दल दहा शेकेल चांदी भरपाई दिल्याची नोंद आहे. राजाच्या बढाईवर अविश्वास दाखवता येईल, परंतु दात पाडल्याची भरपाई कोणी बढाई म्हणून लिहून ठेवत नाही.

मातीच्या ज्ञात थरात सापडलेली वस्तू, ती घडवण्याची पद्धत, आणि तिच्याशी जुळणारा समकालीन लेख, ही तीन सूत्रे एकत्र आली की संबंध सिद्ध झाला असे मी मानते. आपल्याला हे निकष फार कडक वाटतात का, आणि त्यांत काय सुटते आहे, हे वाचायला आवडेल.

प्रतिसाद

लेख आवडला. एक महत्त्वाची भर घालतो. या संबंधामुळे केवळ व्यापार कळला असे नाही, तर सिंधू संस्कृतीचा काळच मुळात या संबंधामुळे कळला. दयाराम सहानी यांनी हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदारो येथे उत्खनन केल्यानंतर जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ रोजी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात मुद्रांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. तोपर्यंत ही नगरे किती जुनी आहेत याचा कोणालाही नेमका अंदाज नव्हता. पुढील काही आठवड्यांतच सेस, आणि त्यांच्यापाठोपाठ गॅड व सिडनी स्मिथ या मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी कळवले की अशा वस्तू आमच्याकडे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकाच्या थरांत मिळतात. रेडिओकार्बन पद्धत त्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. म्हणजे भारताच्या इतिहासात सुमारे दोन हजार वर्षांची भर पडली ती इराकच्या मातीत सापडलेल्या वस्तूंच्या आधाराने. हा संबंध नसता तर ती नगरे आणखी कितीतरी वर्षे कालहीन राहिली असती.

प्रतिसाद

आपले विवेचन काळजीपूर्वक आहे, तरी एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. आपण नामसाम्याला जवळजवळ बाजूलाच सारले आहे. सीरियाच्या उत्तरेस असलेल्या मितान्नी राज्याचे उदाहरण घ्या. हित्ती राजा शुप्पिलुलियुमा आणि मितान्नीचा राजपुत्र शत्तिवाझा यांच्यात इ.स.पू. चौदाव्या शतकात झालेला तह तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे मिळाला आहे. त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना साक्षीला ठेवले आहे. त्याच ठिकाणी किक्कुली या मितान्नी अश्वशिक्षकाचा घोड्यांच्या शिकवणीवरील ग्रंथ मिळाला, आणि त्यात घोड्याच्या फेऱ्यांसाठी ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’, ‘नवर्तन्न’ असे शब्द आहेत. एक, तीन, पाच, सात, नऊ हे मराठी वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिथे भारतीय बनावटीचे मडके किंवा मणी मिळाला म्हणून हा संबंध मानला गेलेला नाही. तो केवळ शब्दांवर उभा आहे आणि तरीही जगभर मान्य आहे. आपल्या तीन सूत्रांत तो कुठे बसवाल?

धागालेखिकेचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, आणि माझे निकष त्यामुळे दुरुस्त करावे लागतील हे मान्य करते. मितान्नीचा पुरावा मी निःशंकपणे स्वीकारते, मात्र तो का स्वीकारते हे सांगितले पाहिजे. तिथे एखादा सुटा शब्द जुळलेला नाही. चार देवांची नावे एकत्र, ऋग्वेदात सोबत येणाऱ्या देवतांशी जुळणारी, अशी मिळतात, आणि पाच संख्यावाचक शब्द एकाच रचनेत, एकाच विषयाच्या ग्रंथात मिळतात. शिवाय ते शब्द ज्या पाट्यांवर आहेत त्यांचा काळ ठाऊक आहे. योगायोगाने एक शब्द जुळेल, नऊ शब्द आपापल्या अर्थासह एकाच दरबारात जुळणार नाहीत.

सुमेर आणि सुमेरू यांची तुलना याच कसोटीवर लावून पाहावी. ‘शुमेरू’ हे नाव त्या लोकांचे स्वतःचे नाहीच, ते त्यांच्या अक्कडी भाषक शेजाऱ्यांनी वापरलेले नाव आहे. सुमेरी लोक आपल्या देशाला ‘किएंगी’ म्हणत आणि स्वतःला ‘काळ्या डोक्याचे लोक’ असे म्हणवत. आपल्याकडच्या पर्वताचे नाव त्यांनी घेतले असते, तर ते निदान त्यांच्या स्वतःच्या तोंडी असायला हवे होते. म्हणून शब्दसाम्याला माझा सरसकट विरोध नाही. कोणता शब्द, कोणाच्या तोंडचा, कोणत्या काळचा आणि एकटा की समूहाने, एवढे विचारल्याशिवाय तो पुरावा म्हणून घेऊ नये, इतकाच माझा आग्रह आहे.

प्रतिसाद

नोकरीनिमित्त मी बारा वर्षे मस्कतला होतो, त्यामुळे या वाटेवरील मधल्या थांब्याविषयी लिहितो, कारण अशा चर्चेत दोन टोकेच बोलली जातात आणि मधला समुद्र राहून जातो. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिन्झ नावाचे ठिकाण आहे. तिथे रात्री कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, आणि मराठी कुटुंबेही ती पाहायला हौसेने जातात. त्याच किनाऱ्यावरील साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सर्ज क्लुझिऊ आणि मॉरिझिओ तोसी यांना डांबराचे शेकडो तुकडे मिळाले. या तुकड्यांच्या एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि दोऱ्यांचे ठसे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या शिंपल्यासारख्या जिवांचे, म्हणजे जहाजाच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकलचे, थर आहेत. म्हणजे बोरूच्या नावेला बाहेरून डांबर लावले होते, ती नाव समुद्रात फिरून आली, आणि पुन्हा वापरण्यासाठी ते डांबर खरवडून साठवून ठेवले होते. तिथेच सिंधू बनावटीच्या काळ्या लेपाच्या मोठ्या रांजणांचे तुकडे मिळाले आहेत. मी ते तुकडे तिथल्या छोट्या संग्रहालयात काचेआडून पाहिले, तेव्हा जहाजबांधणीच्या गोदीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कोणत्याही मुद्रेपेक्षा ते खरवडलेले डांबर अधिक बोलके वाटले.

दुसरी गोष्ट वजनांची. सिंधू संस्कृतीची चर्ट दगडाची घनाकृती वजने १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने चढत जातात, आणि त्यांचे सोळापटीचे वजन सुमारे १३.६ ग्रॅम भरते. बहारीनमध्ये याच पद्धतीची वजने मिळाली आहेत. म्हणजे दिलमुनच्या व्यापाऱ्याने शेजारच्या मेसोपोटेमियाचे माप न घेता समुद्रापलीकडच्या सिंधूचे माप स्वीकारले होते. बाजारात कोणाचे माप चालते, यावरून तिथे कोणाचा शब्द चालतो हे कळते.

प्रतिसाद

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मणी, लाकूड, हस्तिदंत हे सगळे इकडून तिकडे गेले, तर बदल्यात आपल्याकडे काय आले? मोहेंजोदारोत मेसोपोटेमियाच्या वस्तूंचे ढीग का मिळत नाहीत? एकतर्फी पुराव्याला संबंध म्हणावे का?

धागालेखिकेचे उत्तर

ताई, हा प्रश्न अभ्यासकांनाही बराच काळ छळत आला आहे. मेसोपोटेमियाची निर्यात मुख्यतः लोकरीचे कापड, धान्य, तेल अशा मालाची होती, आणि असा माल सिंधूच्या ओलसर मातीत टिकत नाही. चांदी आली असेल तर ती वितळवून पुन्हा वापरली गेली असणार. सिंधू नगरांत दंडगोल मुद्रा मोजक्याच मिळाल्या आहेत, आणि त्यांतही काहींवर स्थानिक घडणीची छाप आहे. कीलाकार लिपीची एकही पाटी मिळालेली नाही. यावरून मला असे वाटते की जहाजे घेऊन जाणारे लोक मुख्यतः इकडचे होते, आणि तिकडचे व्यापारी येथे मोठ्या संख्येने राहायला आले नाहीत. दक्षिण इराकमधील लगाश राज्यात तर ‘मेलुहाचे गाव’ म्हणून ओळखली जाणारी वस्ती होती, आणि इ.स.पू. २१०० च्या आगेमागे तिची नोंद धान्याच्या कोठारासह मिळते. त्या गावाशी निगडित माणसांची नावे तोवर सुमेरी झालेली दिसतात. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या घरांतील नातवंडांची नावे आठवून पाहिली, तर हे फार दूरचे वाटत नाही.

प्रतिसाद

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठचा असल्यामुळे दायमाबादचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९७४ साली तिथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक आहे. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी महाराष्ट्रात येऊन ही शिल्पे घडवली, असे आमच्याकडे लहानपणापासून सांगितले जाते. आपल्या निकषांवर हे टिकते का?

धागालेखिकेचे उत्तर

दायमाबादचे दोन भाग वेगळे ठेवले पाहिजेत. सा. अ. साळी यांनी १९७६ ते १९७९ या काळात तिथे केलेल्या उत्खननात उत्तर-हडप्पा काळाचा स्वतंत्र थर मिळाला, आणि त्यात सिंधू चिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या बटणासारख्या मुद्राही मिळाल्या. प्रवरेपर्यंत ते लोक किंवा निदान त्यांची परंपरा पोहोचली होती, हे त्यावरून मानायला आधार आहे. ब्राँझच्या शिल्पांची गोष्ट मात्र अवघड आहे, कारण ती पद्धतशीर उत्खननात, ज्ञात थरात मिळालेली नाहीत. साळी आणि म. के. ढवळीकर यांनी ती हडप्पा परंपरेशी जोडली, तर धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण दाखवून त्यावर शंका घेतली. ही शिल्पे मी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पाहिली आहेत. त्या हत्तीसमोर उभे राहिल्यावर ती सिंधूचीच असावीत असे मनापासून वाटते, पण वाटण्याला थर नसतो. त्या दिवशी कुदळीऐवजी पुरातत्त्वज्ञाची कर्णी तिथे पोहोचली असती, तर हा वाद कदाचित उरलाच नसता. म्हणून शेतात असे काही निघाले तर ते जागचे न हलवता आधी तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे, ही विनंती प्रवरा-गोदेच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाला करावीशी वाटते.

प्रतिसाद

संबंध कसा संपला याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. लगाशचा शासक गुदेआ आपल्या मंदिरासाठी मेलुहाहून लाकूड आणि कार्नेलियन आल्याचे सांगतो, आणि उरच्या तिसऱ्या राजवंशाचा शेवटचा राजा इब्बी-सिन मेलुहाच्या एका ठिपकेदार प्राण्याचा उल्लेख करतो. त्यानंतर थेट व्यापाराचे उल्लेख विरळ होत जातात. इ.स.पू. १७५० च्या सुमारास तांब्याचा व्यापार करणारा उरचा एआ-नासिर, ज्याने वाईट तांबे दिल्याची एका ग्राहकाची तक्रार आजही ब्रिटिश संग्रहालयात वाचता येते, तो माल आणायला दिलमुनपर्यंतच जातो. तोवर सिंधूची नगरे ओस पडू लागली होती.

मेलुहा हे नाव मात्र पाट्यांतून गेले नाही. हजार वर्षांनंतरचे असिरियन राजे ते पुन्हा वापरतात, पण आता ते इजिप्तच्या दक्षिणेकडील नुबियासाठी. अश्शुरबनिपालाचे सैन्य ज्या मेलुहाच्या राजाविरुद्ध लढले, तो नाईलच्या काठचा होता. लेखनिकांच्या पाठशाळेत नाव टिकले, आणि ते कोणत्या देशाचे होते हे विसरले गेले.